देवस्थळींकडचं घमेलं

देवस्थळींच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस हमखास कमोडवर बसायचा. त्यात त्याचा दोष नसे. व्हरांड्यात खुर्ची एकच, ती जुन्या पेपरांच्या गठ्ठ्याने अडलेली. आणि कमोडवर अरुंधतीकाकूंनी फुलाफुलांची चादर घालून वर उशी ठेवलेली. विम्याचा एक एजंट तर त्यावर पाऊण तास बसून मरणोत्तर फायदे समजावून गेला. तो गेल्यावर देवस्थळी म्हणाले, "चला, उद्घाटन झालं."

सुरुवातीला ते असंच हसण्यावारी न्यायचे.

कमलाकर देवस्थळी तळोज्याच्या एका रसायनांच्या कंपनीत स्टोअरकीपर होते. लालबागच्या चाळीतली दोन खोल्यांची जागा थोरल्या भावाला सोडून ते बायकोसह नव्या पनवेलात राहायला आले होते. कंपनीत कामगाराला पाना, पक्कड, ड्रिल काहीही न्यायचं असलं तर त्याने आपल्या नंबरचं पितळी टोकन देवस्थळींच्या खिळ्याला अडकवायचं. संध्याकाळी हत्यार परत आलं की टोकन परत. एकवीस वर्षांत त्यांचा एक पाना हरवला नव्हता. "माणूस विसरतो हो," ते मला सांगायचे, "पण टोकन अडकलेलं असलं की बरोबर येतो." माणसांविषयीचं त्यांचं सगळं ज्ञान त्या खिळ्यावर टांगलेलं होतं.

मी समोरच्या घरात राहायचो. आम्ही मूळचे जुन्या पनवेलातले, त्यामुळे नव्याने आलेल्या मुंबईकरांना दूध कोणाचं घ्यावं, मीटरवाला कुठे भेटतो, हे सांगणं माझं बिनपगारी खातं होतं. काशिराम गवंड्याचं नाव त्यांना मीच सांगितलं. ते आधीच कबूल करून टाकतो.

कमोड आणला होता तो माईंसाठी. माई म्हणजे देवस्थळींची आई, शहात्तर वर्षांची, लालबागला थोरल्याकडे असायची. पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, काठी धरून चालायलाही लागली; पण उकिडवं बसणं संपलं. चाळीचे संडास गॅलरीच्या टोकाला आणि तेही जुन्या पद्धतीचे. म्हणून स्वयंपाकघरात साडीचा आडोसा करून भांडं ठेवायचे. आडोशाच्या अलीकडे सून पोळ्या लाटतेय, पलीकडे माई. माईंनी त्यासाठी जेवण निम्म्यावर आणलं होतं. देवस्थळी भेटायला गेले की ती दुसरं काही मागायची नाही. "कमू, तुझ्याकडे खालीच संडास आहे ना रे? तिथे ती खुर्चीसारखी बसव आणि मला घेऊन जा. माझी मी जाईन, माझी मी येईन."

एवढंच काम. जुनं भांडं काढायचं, कमोड बसवायचा. चौऱ्याण्णवच्या दसऱ्याला कमोड टेम्पोतून उतरला आणि दुसऱ्या दिवशी काशिराम आला.

काशिरामच्या हाताला तोड नव्हती. आमच्या मोरीचा उतार त्याने असा काढला होता की पाण्याचा थेंबसुद्धा कोणाला पत्ता न विचारता जाळीपर्यंत जायचा. सायकलच्या कॅरिअरला घमेलं बांधून तो आला, संडासात डोकावला, वितीने मापं घेतली, कमोडवर बोटाने टकटक करून त्याचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "दीड दिवसाचा काम हाय शेट. परवा येतो." जाताना त्याने घमेलं सोडलं, दाराशेजारी उपडं घातलं आणि रिकाम्या सायकलने निघून गेला.

देवस्थळींचा चेहरा उजळला. "पाहिलंस? हत्यार ठेवून गेला. म्हणजे येणार."

त्यांनी ते घमेलं उचललं, पुसलं आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"अहो, माझ्या साड्यांना जागा नाही त्यात," काकू म्हणाल्या.

"साड्या कुठे पळून जाणार आहेत?"

"मग घमेलं जाणार आहे का?"

परवा उजाडला, मावळला. मग दिवाळी आली. देवस्थळी कंपनीची बस पकडण्याआधी उरण नाक्यावर जाऊन उभे राहायला लागले. सकाळी गवंडी आणि बिगारी तिथेच जमतात. काशिराम भेटायचा, रोज भेटायचा. तो कधी तोंड चुकवायचा नाही, ही त्याची खरी अडचण. "शेट! तुमच्याकडंच निगालो होतो," असं म्हणून तो सायकल नेमकी उलट्या दिशेला मारायचा. त्याला जगातला एकच शब्द उच्चारता येत नव्हता: नाही. ज्याने बोलावलं त्याच्याकडे जायचं, मापं घ्यायची, परवा येतो म्हणायचं. कामोठ्यात कोणाचा स्लॅब, बंदर रोडला कोणाची गच्ची, पळस्प्याला एका ढाब्याचं धुराडं, आणि या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी माईंचा दीड दिवस.

शेवटी देवस्थळींनी दुसरा गवंडी बघितला. गणू नावाचा, काशिरामच्याच बाजूच्या गावचा. तो दारातच थांबला आणि विचारलं, "पयला कोनाचा घमेला पडलाय काय हितं?"

"पडलाय ना!" देवस्थळी अभिमानाने म्हणाले. "काशिरामचं. कपाटात, कुलपात ठेवलंय."

गणूने कानावरची विडी काढली, पुन्हा कानावर ठेवली. "मंग राहू द्या," म्हणाला आणि गेला.

आणखी दोघे असेच आले आणि असेच गेले. नाक्यावरचा एक परप्रांतीय मिस्त्री तेवढा तयार झाला; त्याने कमोड उचलून जागेवर धरूनसुद्धा पाहिला. दुसऱ्या दिवशी हात जोडून सांगायला आला, "नहीं साहब, गाँववालों का लफड़ा है." कसलं लफडं ते त्याने सांगितलं नाही. देवस्थळींनी आपल्या परीने निष्कर्ष काढला की छोटं काम कोणालाच नको असतं, आणि कपाटाचं कुलूप एकदा ओढून पाहिलं.

नोव्हेंबरअखेर थोरल्या भावाचं पत्र आलं. चाळ दुरुस्तीला काढली होती. जानेवारी संपायच्या आत सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्या. तात्पुरती जागा मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. "माईला तिथे चढवणे अशक्य. तुझे काम तोवर उरकेल असे धरून चालतो."

देवस्थळींनी पत्र मला वाचून दाखवलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. "दोन महिने आहेत. काम दीड दिवसाचं." हिशोब बरोबर होता.

डिसेंबरात एकदा चहाच्या गाडीवर मला गणू दिसला. मी सहज छेडलं, "काय रे, देवस्थळींच्या कमोडला घाबरलास होय?"

"कमोडला कोन घाबरतो?" गणू म्हणाला. "घमेला हाय ना त्याचा."

"मग? घमेलं काय चावतं?"

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुमी पनवेलचे ना? नि ह्ये म्हाईत नाय? खाडीत डोल लावायची तर खुंट ठोकतात. ज्याचा खुंट त्याची जागा. मासली येवो नायतर चिखल येवो, दुसरा कोन तितं जालं लावीत नाय. आमी सगले खाडीतलेच. तितं मासली उरली नाय म्हनून हितं थापी धरली. आता घमेला म्हंजे खुंट."

"आणि हा खुंट उपटायचा कसा?"

"मालकानं सोता त्याच्या दारात न्यायचा नि सुलटा ठेवायचा. मंग मी काय, कोनबी काम करील." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "पन असा कोन करीत नाय. एकदा दारात घमेला सुलटा आला की गावात त्या गवंड्याला तोंड दाखवाय जागा नाय."

मी तडक जाऊन देवस्थळींना सांगितलं. काकू आधी हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग पदराने डोळे पुसत राहिल्या. देवस्थळी कपाटाकडे बघत होते. "म्हणजे टोकन त्याचं नाही," ते सावकाश म्हणाले. "माझं अडकलंय."

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. मी लुना चालवत होतो, मागे देवस्थळी, आणि आमच्या दोघांच्या मध्ये पिशवीत घमेलं. उरणच्या रस्त्याला खाडीकाठी काशिरामचं गाव. वाटेत मी त्यांना तीनदा पढवलं: "काका, बोलायचं काही नाही. दारात सुलटं ठेवायचं आणि मागे फिरायचं."

"हो रे बाबा. ठेवायचंच तर आहे."

गावात शिरताना पिशवीतून घमेल्याचा काठ बाहेर आला होता. पाणी भरणाऱ्या दोन बायका बोलता बोलता थांबल्या. आणखी पुढे गेलो तर एक माणूस घरातून मुद्दाम बाहेर येऊन उभा राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे पार्सल सगळं गाव ओळखतं.

काशिरामच्या ओट्यावर त्याचा म्हातारा बाप, विठू, जाळं मांडीवर घेऊन बसला होता. डोळ्यांनी अधू, बोटांनी गाठी चाचपत. "कोन हाय?" त्याने विचारलं. देवस्थळी म्हणाले, "मी... पनवेलहून." आणि पिशवी काखेत मारली.

काशिराम बाहेर आला आणि पिशवीकडे पाहून जागीच थांबला. त्याच्या बायकोनेही पाहिलं. शांती तिचं नाव. पनवेलच्या बाजारात मासळी विकायची, बोलण्यात कोणाला हार जायची नाही. ती काही न बोलता आत गेली आणि चहा घेऊन आली. देवस्थळी ओट्याच्या कडेवर बसले. घमेलं आता पिशवीतून निघून त्यांच्या मांडीवर आलं होतं, आणि त्यात बशी ठेवून ते चहा पीत होते. मी डोळ्यांनी खुणावतोय, हाताने खुणावतोय. ते बघायलाच तयार नाहीत.

"शेट," काशिराम अगदी हळू म्हणाला, "गावातून घेऊन आलाव? सगल्यांनी बघला?"

"नाही नाही, पिशवीत होतं."

"मंगलवारी येतो. आयची आन. फकस्त हितं ठेवू नका."

"काय रं काशा?" म्हाताऱ्याने मान वर केली. "काय ठेवतात?"

म्हाताऱ्याचे हात जाळ्यावर थांबले. मला वाटलं, आता देवस्थळी वाकतील. दीड फुटाचं अंतर होतं.

"काही नाही आजोबा," देवस्थळी म्हणाले. "घमेल्याला भोक पडलंय का ते दाखवायला आणलं होतं. ठीक आहे, नाही पडलेलं." आणि घमेलं बगलेत मारून ते उठले.

गावाबाहेर येईपर्यंत मी दम धरला. मग बोललो, आणि जे बोललो ते वडीलधाऱ्या माणसाशी बोलू नये असं होतं. देवस्थळींनी ऐकून घेतलं. "अरे, त्याचा बाप बसला होता समोर," ते म्हणाले. "बापापुढे कसं ठेवू?"

"आणि तुमची आई?"

लुनाचा आवाज मोठा होता. कदाचित त्यांना ऐकू गेलं नसेल.

काशिराम मंगळवारी आला! खरंच आला. सकाळी आठला छिन्नी-हातोडा घेऊन तो संडासात शिरला आणि दुपारपर्यंत जुनं भांडं, त्याखालची फरशी, दोन फूट पाइप, सगळं उखडून बाहेर काढलं. काकूंनी शिरा केला होता. तीन वाजता हात धुऊन तो म्हणाला, "आता जरा जागा सुकू द्या. परवा येतो."

परवा कामोठ्यातला स्लॅब पडणार होता, म्हणजे ओतला जाणार होता. त्यानंतर आणखी एक. देवस्थळींनी नाक्यावर गाठलं तेव्हा त्याने कळकळीने समजावलं, "शेट, स्लॅब थांबत नाय. संडास थांबतो."

संडास थांबला. संडास असलेलं घर आता बिनसंडासाचं झालं. दोघं नवरा-बायको आमच्याकडे यायला लागली. देवस्थळी पहाटे, कंपनीच्या बसच्या आधी, चोरासारखे येत. काकू येताना हातात वाटी घेऊन यायच्या, साखर मागायला आल्यासारखी, आणि जाताना तीच रिकामी वाटी घेऊन जायच्या. माझी आई एकदा न राहवून म्हणाली, "अहो, साखर खरंच नेत जा थोडी." काकू हसल्या नाहीत.

गणूला मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "आता तर त्यानं खोदूनबी ठेवलाय. आता त्याच्या बापानं सांगितला तरी मी हात लावनार नाय."

जानेवारी संपत आला. काकूंनी स्वतःच सुचवलं, माईंना तसंच आणू या, इथेही भांडं ठेवू, मी करीन सगळं. देवस्थळी लालबागला जाऊन विचारून आले. माईंनी शांतपणे ऐकलं होतं. "तिथेही भांडंच असेल तर एवढी दगदग कशाला? काम झालं की ने मला." थोरल्या भावाने कर्जतच्या बाजूला एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. दोन महिन्यांपुरता, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. माईंना पोचवून आले त्या संध्याकाळी देवस्थळी व्हरांड्यात कमोडशेजारी बसले होते, काकू सांगतात, आणि त्यांनी चादरीची एक सुरकुती पंधरा-वीस वेळा सरळ केली.

फेब्रुवारीत ते नाक्यावर जायचे बंद झाले. भांडले नाहीत, ओरडले नाहीत. कर्जतलाही गेले नाहीत; काम झाल्याशिवाय माईपुढे कसा उभा राहू, म्हणायचे. मी म्हणालो, चला, आता तरी घमेलं त्याच्या दारात ठेवू. ते म्हणाले, "आता ठेवून तरी दुसरा कोण येणार?" तेही खरंच होतं.

पाडव्याच्या आठवडाभर आधी, एका सोमवारी, कोणी न बोलावता काशिराम आला. घरात काकू एकट्याच होत्या. तो माफी वगैरे मागत बसला नाही. त्याने वाळू चाळली, माल कालवला, आणि मंगळवारी दुपारी काम संपवलं. मोजून दीड दिवस. असं काम मी आजवर पाहिलेलं नाही. फरशीचा एक सांधा दिसेल तर शपथ. शिवाय त्याने डोकं चालवून काकूंना विचारलं होतं, "आजीची उंची काय? काठी उजव्या हातात धरतात का डाव्या?" आणि भिंतीत दोन दांड्या बसवल्या होत्या, एक बसायला, एक उठायला. त्या कोणी सांगितल्या नव्हत्या. संध्याकाळी देवस्थळी आले, दांडी धरून बसले, उठले, परत बसले. काशिराम कपाटातून निघालेलं घमेलं सायकलला बांधत होता. त्याने विचारलं, "जमला ना शेट?"

"जमलं," देवस्थळी म्हणाले. खरंच जमलं होतं.

माल वाळायला त्यांनी चार दिवस दिले आणि रविवारी एक जीप ठरवली. मला म्हणाले, "चल, उचलायला दोघं असलेले बरे." मागच्या सीटवर काकूंनी गादी घातली, वर धुतलेली चादर, टेकायला दोन उशा, उन्हाला आडोसा म्हणून खिडकीला टॉवेल. जाताना देवस्थळी पूर्ण रस्ताभर बोलत होते. ड्रायव्हरलासुद्धा त्यांनी कमोड समजावून सांगितला.

आश्रमात एका लांबट खोलीत सहा खाटा होत्या. खिडकीजवळच्या खाटेवर माई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तिथल्या कमळाबाई आम्हाला बाहेर घेऊन गेल्या. "तुमच्या भावाला कळवलं होतं," त्या म्हणाल्या. "महिना झाला, उठत नाहीत. पाय आखडलेत. पाठीला जखमा झाल्यात, रोज पट्टी करतो. डॉक्टर म्हणाले, आता बसवायचं नाही, हलवायचं नाही. गाडीत तर नकोच."

"मला नाही कळवलं त्याने. पण चालत होती ती," देवस्थळी म्हणाले. "काठी धरून चालत होती."

"आल्या तेव्हा चालत होत्या. इथे कुठे चालवणार? संडास अंगणापलीकडे. आम्ही भांडंच देतो सगळ्यांना."

देवस्थळी आत जाऊन खाटेशेजारी स्टुलावर बसले. माईंनी त्यांना ओळखलं. आवाज बारीक झाला होता, पण शब्द साफ होते.

"झालं का रे काम?"

"झालं माई."

"चांगलं केलंय?"

त्यांनी सांगितलं. उतार कसा काढलाय, सांधे कसे दिसत नाहीत, दोन दांड्या कुठे कुठे बसवल्यात, उजव्या हाताला कोणती. बराच वेळ सांगत होते. माई डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं झोपल्या.

"मग आता वापरतं कोण?" त्यांनी विचारलं.

"आम्हीच."

"बरं झालं," माई म्हणाल्या. "अरुंधतीचे गुडघे दुखतात."

भेटीची वेळ संपेपर्यंत आम्ही बसलो. बाहेर आलो तर ड्रायव्हरने जीप फाटकाशी लावून मागचं दार उघडून ठेवलेलं, गादीवरची चादर पुन्हा एकदा झटकून नीट केलेली. त्याने आमच्यामागे कोणी येतंय का पाहिलं आणि दार लावून घेतलं. पनवेल दीड तासाच्या अंतरावर होतं. मागे सगळी सीट मोकळी होती. देवस्थळी आणि मी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, गिअरला पाय लागणार नाहीत असे अंग चोरून बसलो.